ज्याचा त्याचा पार्ट

आपल्याकडे संगीताविषयी बोलताना एक वाक्य ठरल्यासारखे येते: पाश्चात्त्यांचे संगीत कागदावरचे, आपले गळ्यातले. त्याला जोडून दुसरे येते, की कागदावर सांगाडा उतरतो, प्राण उतरत नाही. मींड कशी लिहिणार, दरबारीचा आंदोलित गंधार कुठल्या रेघेवर बसवणार, असे बिनतोड वाटणारे प्रश्न मग विचारले जातात. समोरच्या बाजूला पाश्चात्त्य अभिजात संगीताचे आपल्याकडचे मोजके भक्त असतात. त्यांना छापील स्कोअर म्हणजे श्रुती वाटते. बेथोवेनने लिहिले ते प्रमाण, वाजवणाऱ्याने फक्त उच्चार शुद्ध ठेवायचे. हे दोन पक्ष एकमेकांना कमी लेखतात, पण दोघांचे गृहीत एकच आहे. संगीत कागदावर राहते, किंवा राहायला हवे, असे दोघेही धरून चालतात. एकाला ते तिथे सापडत नाही म्हणून तक्रार, दुसऱ्याला सापडते म्हणून समाधान.

हे गृहीतच उथळ आहे, असे माझे म्हणणे आहे. वाद्यवृंदातल्या, बँडमधल्या किंवा चौकडीतल्या वादकासमोर स्टँडवर जे पान असते, ते ध्वनीचे चित्र नव्हे. अनेक माणसांनी, पुष्कळदा एकमेकांना अनोळखी असलेल्या माणसांनी, थोड्या वेळात एकत्र येऊन एक काम पार पाडावे म्हणून केलेली ती कामवाटणी आहे. तिची परीक्षा त्या कामावर व्हायला हवी. ‘यात मींड आहे का’ असे विचारण्याआधी ‘हे पान कोणाच्या हातात जाणार आणि त्याने त्यावरून काय करायचे’ असे विचारले, तर निम्मा वाद मिटतो आणि उरलेला निम्मा अधिक रंगतदार होतो.

१. आधी पार्ट, मग स्कोअर

वाद्यवृंदाच्या लेखनाची दोन रूपे असतात. सगळी वाद्ये एकाखाली एक मांडलेला स्कोअर कंडक्टरपुढे असतो. वादकापुढे असतो तो पार्ट, आणि त्यात फक्त त्याची ओळ असते. दुसरा ओबो वाजवणाऱ्याला शेजारचा पहिला ओबो काय वाजवतो हेदेखील आपल्या पानावर दिसत नाही. चेलो आणि बासरी तर दूरच राहिल्या. मराठी रंगभूमीवर नटाला त्याची नक्कल लिहून मिळायची, तसाच हा प्रकार आहे. नक्कल हातात आलेल्या नटाने नाटक वाचलेले असेलच असे नाही, पण आपण कधी तोंड उघडायचे हे त्याला पक्के ठाऊक असते.

स्कोअर ही मूळ वस्तू आणि पार्ट हे तिचे तुकडे, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाचा क्रम तसा नाही. १५०१ साली व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने जुळवायच्या टंकांनी छापलेले अनेक आवाजांच्या संगीताचे पहिले पुस्तक काढले. त्यात प्रत्येक आवाज पानावर वेगळ्या जागी छापलेला आहे. एकाचा सूर दुसऱ्याच्या सुराखाली जुळवलेला नाही. पुढचे जवळजवळ सगळे सोळावे शतक सुट्या भागपुस्तकांचे होते. चौघांनी गायची रचना असेल तर चार पुस्तके. त्यांतले एक हरवले की रचना लंगडी झाली, आणि अशा एक आवाज गमावलेल्या कितीतरी रचना युरोपच्या ग्रंथालयांत आजही पडून आहेत.

बेथोवेनची पाचवी सिंफनी डिसेंबर १८०८ मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजली. लाइपझिगच्या ब्राइटकोफ उंड हेर्टेल या प्रकाशनाने पुढच्याच वर्षी तिचे पार्ट छापून बाजारात आणले. स्कोअर छापला गेला १८२६ साली. मधली सतरा वर्षे ज्या गावांनी ही सिंफनी ऐकली, तिथल्या बहुतेक वादकांनी ती छापील रूपात अखंड कधी पाहिलीच नव्हती. आणि तरीही ती वाजत होती. वाद्यवृंद सांभाळणारा पुष्कळदा पहिल्या व्हायोलिनचाच पार्ट समोर ठेवून बसलेला असे. अखंड रचना एका नजरेत पाहण्याची ओढ ही प्रामुख्याने अभ्यासकाची आणि नंतर आलेल्या पेशेवर कंडक्टरची. वाजवणाऱ्यांची गरज आपली ओळ मिळाली की भागते.

थोडे आणखी मागे गेले तर मूळ हेतूच उघडा दिसतो. अकराव्या शतकात इटलीतल्या आरेत्सोच्या ग्वीदोने सुरांना रेघांवर बसवण्याची पद्धत पक्की केली. त्याने तिचे समर्थन करताना सौंदर्याचा मुद्दा काढला नाही. पूर्वी गायक तयार व्हायला दहा वर्षे जायची, आता एक-दोन वर्षांत काम होते, आणि कधी न ऐकलेले भजन मुले पाहून गातात, असा त्याचा दावा होता. वेळ आणि माणसे यांचा हा हिशेब होता.

२. पान बोटांशी बोलते

पानावर ध्वनी लिहिलेला असता, तर क्लॅरिनेटच्या पार्टचा उलगडाच झाला नसता. नेहमीच्या क्लॅरिनेटवाल्याच्या पानावर पांढरी एकचा सूर लिहिलेला असतो आणि कानावर येते काळी पाच. हॉर्नवाल्याच्या पानावर तोच सूर असतो आणि ऐकू येते खालची पांढरी चार. बासरीवाला तेच चिन्ह पाहून खरोखरच पांढरी एक वाजवतो. एकाच ठिपक्याचे तीन ध्वनी, आणि तिघेही बरोबर! कारण ठिपका सांगतो की बोटे अशी ठेव. क्लॅरिनेटवाला दोन वेगवेगळ्या पट्टीची वाद्ये जवळ बाळगतो. रचनेच्या मध्यावर एक खाली ठेवून दुसरे उचलतो, आणि तरी त्याची बोटे बदलत नाहीत, कारण बदल लिहिणाऱ्याने आधीच पानात करून ठेवलेला असतो.

या तत्त्वाचा सर्वांत खणखणीत दाखला इंग्लंडच्या ब्रास बँडचा आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गिरण्या आणि कोळसाखाणींच्या गावांत कामगारांचे बँड उभे राहिले. यॉर्कशरमधला ब्लॅक डाइक मिल्स बँड १८५५ पासूनचा. या बँडच्या लेखनाची रीत अशी बसली की बास ट्रॉम्बोन वगळता पितळेची सगळी वाद्ये, अगदी जमिनीला हादरे देणारा बाससुद्धा, एकाच वरच्या चावीत लिहायची. कागदावर हे हास्यास्पद दिसते. बासचा सूर पानावर जिथे असतो त्याहून सुमारे दोन सप्तके खाली वाजतो. पण गिरणीतला कॉर्नेटवाला आजारी पडला, खाणीतला कोणी गाव सोडून गेला, की शेजारचा माणूस त्याचे वाद्य उचलून त्याच दिवशी वाजवू शकतो. चिन्ह तेच, बोटे तीच. पाळीपाळीने राबणाऱ्या माणसांचा बँड चालता राहावा, अशी सोय लेखनातच झाली. ध्वनीच्या अचूक चित्राचा आग्रह कोणी धरला असता, तर ती हाती लागली नसती.

३. गप्प बसण्याचे लेखन

पाचव्या सिंफनीतल्या ट्रॉम्बोनवाल्यांचा पार्ट पाहावा. पहिले तीन भाग त्यांना काहीही काम नाही. पानावर तसा एक शब्द असतो, आणि तो पाळत त्यांना श्रोत्यांसमोर निश्चल बसून राहावे लागते. चौथ्या भागाच्या पहिल्याच ठोक्यावर मात्र पूर्ण जोराने, थंड पडलेल्या ओठांनी, घुसायचे असते. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत ट्यूबावाल्याच्या वाट्याला फक्त दुसऱ्या भागातले मोजके सूर येतात. त्यासाठी तो संध्याकाळभर तिथे असतो.

ऐकणाऱ्याला ट्रॉम्बोनचे मौन ऐकू येत नाही. ते इतरांच्या वाजण्यात बुडालेले असते. म्हणून ध्वनिमुद्रणातून ते कळत नाही, पार्टमधून कळते. जाड आडव्या रेघेवर ४७ असा आकडा असला, की सत्तेचाळीस मात्राखंड मोजायचे. इतके मोजताना माणूस चुकतो हे लिहिणाऱ्याला माहीत असते. म्हणून प्रवेशाच्या जरा आधी दुसऱ्या वाद्याची दोन-चार खंडांची ओळ बारीक टाइपात छापतात: ही ऐकू आली की तयार राहा. पान उलटण्याची जागाही विचार करून ठरवतात. चांगल्या छापखान्याचे पान विश्रांतीच्या जागी संपते. वाईट छापखान्याचे ऐन धावत्या तानेत संपते, आणि मग वादकाच्या तोंडी जे शब्द येतात ते संगीताच्या कोणत्याही कोशात नाहीत. व्हायोलिनवाले दोघे मिळून एक स्टँड वापरतात. पान उलटण्याचे काम आतल्या बाजूच्या वादकाचे, बाहेरचा वाजवत राहतो. एवढ्या बारकाईने ठरलेल्या श्रमविभागणीला सांगाडा म्हणणे मला जमत नाही.

आणि मग पेन्सिल. तंतुवाद्यांच्या विभागात गज कधी खाली ओढायचा, कधी वर, हे विभागप्रमुख ठरवतो. त्या खुणा वाद्यवृंदाचा ग्रंथपाल एकेका पार्टवर उतरवतो. पहिल्या व्हायोलिनचे सोळा वादक असले तर आठ प्रतींवर तीच खूण हाताने करायची. श्रोत्याला सोळा गज एका दिशेने हलताना दिसतात आणि तो म्हणतो, काय एकजीव झालेत! त्यामागे कोणीतरी आठवडाभर खोडरबर घेऊन बसलेला असतो. म्हणून मुरलेल्या वाद्यवृंदाला आपला वापरलेला संच नव्या कोऱ्या संचापेक्षा मोलाचा वाटतो. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने तर लेनर्ड बर्नस्टाइन यांच्यासारख्या आपल्या कंडक्टरांचे खुणा केलेले स्कोअर आणि वादकांचे पार्ट पानोपान डिजिटल करून सर्वांना खुले केले आहेत.

४. कागदी म्हणवणारी परंपराही तोंडीच

आता त्या स्कोअरभक्तांकडे वळू. पान ही जर कामवाटणी असेल, तर जे सगळ्यांना आधीच येते ते तिच्यात लिहिण्याची गरज नसते. सतराव्या-अठराव्या शतकात हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्याला फक्त खालची ओळ आणि तिच्याखाली काही आकडे मिळत. वरचे स्वरमेळ तो जागेवर रचत असे. मोझार्टच्या काळी कॉन्चेर्तोमध्ये एका जागी वाद्यवृंद थांबे आणि एकल वादक मनाने वाजवे; पानावर त्यासाठी एक थांब्याची खूण पुरे. बेथोवेनने पाचव्या पियानो कॉन्चेर्तोत त्या जागी मनाचे काही वाजवू नका, सरळ पुढे जा, अशी सूचना लिहून ठेवली. तशी सूचना लिहावी लागली, यावरूनच रिवाज किती घट्ट होता ते कळते.

व्हिएन्नाच्या वॉल्ट्झचे उदाहरण आपल्या कानाला लगेच पटेल. पानावर तीन मात्रा समान असतात. व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा जराशी आधी टाकतात. किती आधी, हे कोणी लिहिलेले नाही. ते शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून शिकायचे. दादऱ्याच्या सहा मात्रा लिहिता येतात, त्याची लचक नाही. इथे दोन्ही परंपरा एकाच बाकावर बसतात.

बाखच्या एकल चेलोच्या सहा सुइटांचे तर मूळ हस्तलिखितच उरलेले नाही. त्याची पत्नी आना माग्दालेना हिच्या हातची नक्कल आहे, इतरही काही आहेत, आणि किती सूर एका गजात घ्यायचे याबाबत त्यांचे एकमत नाही. प्रत्येक चेलोवादक त्याबाबतचा निर्णय आपल्या गुरूकडून घेतो, किंवा गुरूशी भांडून. शुद्ध पाठाचा आग्रह धरणाऱ्या आवृत्त्या विसाव्या शतकात आल्या आणि त्यांनी मोठे काम केले. मधल्या संपादकांनी आपल्या मनाने चढवलेली पुटे त्यांनी खरवडून काढली. पण शुद्ध पाठ हाती आला म्हणून कसे वाजवायचे ते ठरत नाही, हे त्या सहा सुइटा रोज दाखवून देतात.

पानाशी असलेले नातेही सगळ्यांचे सारखे नसते. एकल वादक पान घरी ठेवून येतो. स्मरणाने वाजवण्याची ही चाल एकोणिसाव्या शतकात लिस्ट आणि क्लारा शूमान यांच्यामुळे रूढ झाली. त्याला वाटणीच करायची नसते. रस्त्यावरून चालणाऱ्या बँडचे पान पोस्टकार्डापेक्षा थोडे मोठे, वाद्यालाच चिमट्याने अडकवलेले. चौकडी मात्र पान सहसा सोडत नाही. चौघांत कंडक्टर नसतो. कोणी कोणाकडे पाहून श्वास घ्यायचा, कोणी मागे राहायचे, हे सगळे तालमीत भांडून ठरलेले असते आणि त्याची नोंद पानावर असते.

५. दोन विष्णू, आणि भलतीच परीक्षा

स्वरलिपी आपल्याकडेही झाली, आणि ती करण्यात महाराष्ट्र पुढे होता. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. वर्गात अनेक मुलांना एकाच वेळी शिकवायचे म्हणून त्यांना लिपी हवी होती. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या मालिकेतून शेकड्यांनी छापल्या. त्यांना संग्रह हवा होता आणि रागांची तुलना करण्याचे साधन. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, समेला फुली. दोन्ही लिप्यांवर शंभर वर्षे एकच टीका होत आली आहे, की यात गायकी येत नाही. भातखंड्यांनाही ते ठाऊक होते. पुस्तक पाहून गवई होत नाही, हे सांगायला टीकाकार लागत नाही.

मला त्याहून वेगळी गोष्ट लक्षणीय वाटते. या दोन्ही लिप्यांत पार्ट नाही. दहा जणांनी दहा वेगळ्या गोष्टी वाजवायच्या आहेत आणि अकराव्याने बत्तीस आवर्तने थांबायचे आहे, असे सांगण्याची त्यांत सोयच केलेली नाही. कारण आपल्या मैफलीला ती लागत नाही. गवई आणि तबलजी कधी भेटलेले नसले तरी मैफल उभी राहते. दोघांमधला करार ठेक्यात असतो. आवर्तन फिरत राहते, सम येते, मुखडा पकडला की दोघे पुन्हा एका जागी. अनोळखी माणसांना एकत्र आणण्याचे जे काम तिकडे पान करते, ते इकडे ताल करतो. आपल्याला पार्ट लागला नाही याचे कारण हे आहे. त्यात अध्यात्माची थोरवी शोधायचे कारण नाही, आणि मागासलेपणाही नाही.

६. राष्ट्रगीताचा प्रश्न

तालावर भागत नाही अशी वेळ १९४७ मध्ये आली. संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या आमसभेत एका प्रसंगी वाद्यवृंदाने वाजवण्यासाठी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितले गेले. त्यांच्याजवळ ‘जन गण मन’ची तबकडी होती, ती त्यांनी दिली. वाद्यवृंदाने त्यावरून तयारी करून धून वाजवली. पुढे २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी संविधान सभेत हा प्रसंग सांगितला, आणि त्यातला एक तपशील माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने फार मोलाचा आहे: धून आवडलेल्या देशांच्या प्रतिनिधींनी तिचे लिखित संगीत मागितले. तबकडी उपलब्ध असताना त्यांना कागद हवा होता. त्यांना ती धून ऐकायची नव्हती, आपल्या बँडांकडून वाजवून घ्यायची होती.

‘वंदे मातरम्’च्या बाजूने तेव्हा जी लढाई झाली तिच्यात आपल्या मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांचा वाटा सर्वश्रुत आहे. ही चाल बँडला झेपत नाही, हा नेहरूंचा आक्षेप होता. मास्तरांनी त्याला भावनेने उत्तर दिले नाही. समूहाने गाता येईल आणि बँडला वाजवता येईल अशी चाल बांधली, पोलीस बँडच्या मदतीने ती वाजवून घेतली आणि दिल्लीत प्रात्यक्षिके दिली. ख्याल आणि नाट्यसंगीत यांत हयात गेलेल्या माणसाला, बँडमधल्या युफोनियमवाल्याला काय जमेल याचा विचार करावा लागला, आणि त्याने तो केला. निर्णय त्यांच्या बाजूने लागला नाही, त्यामागे राजकारणही होते. पण वादाचा निकष काय होता ते पाहण्यासारखे आहे. जगातल्या कुठल्याही राजधानीत, भारतीय सूर कधी कानावर न पडलेल्या वादकांनी, पाहुण्यांची गाडी यायच्या आधी एका तालमीत हे वाजवायचे आहे. ‘जन गण मन’ला या कामात मोठी आघाडी होती. मार्गारेट कझिन्स यांनी १९१९ मध्येच मदनपल्लीला तिचे स्वरलेखन केले होते, आणि पुढे हर्बर्ट म्युरिल यांनी वाद्यवृंदासाठी तिची मांडणी केली.

७. आक्षेप

लग्नाच्या वरातीतले बँड कागदाशिवाय वाजवतात, मग कागद अटळ कसा, असे कोणी विचारील. तो अटळ आहे असे मी म्हटलेले नाही. वरातीचा बँड हंगामभर रोज एकत्र असतो, गाणी सगळ्यांच्या कानात बसलेली असतात, आणि बहुतेक वाद्ये एकच चाल वाजवतात. तिथे कागद म्हणजे अडगळ. माणसे अनोळखी असतात, वेळ थोडा असतो आणि कामे भिन्न असतात, तेव्हा त्याची किंमत कळते. टॅब्लेटवर पाने आली, पायाने पान उलटता येऊ लागले, म्हणूनही काही बदललेले नाही. पार्ट तसाच आहे, पाठीवरचे ओझे कमी झाले इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि मी तो पुरता परतवू शकत नाही. कामवाटणी म्हटली की मालक आला. ज्याला फक्त आपली ओळ दिसते त्याला इमारत दिसत नाही, आणि तिच्यावर हक्कही सांगता येत नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत हे उघड घडले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून गावोगावच्या मुलांनी सोल्फा आणि व्हायोलिन शिकून घेतले होते. ती मुले मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत आणि स्टुडिओंत आली तेव्हा, समोर ठेवलेले पान पहिल्याच नजरेत वाजवणारी एवढी मोठी फौज देशात दुसरीकडे नव्हती. संगीतकार चाल बांधायचा. सुरुवातीचे संगीत, अंतऱ्यांमधले तुकडे, गायकाच्या ओळीखालून वाहणारी व्हायोलिनची दुसरी ओळ हे अरेंजर लिहायचा, कॉपिस्ट पार्ट उतरवायचे, आणि गायकासकट सगळे एकदम ध्वनिमुद्रित व्हायचे. त्याच खोलीत सतारवाले आणि बासरीवाले सरगम लिहून घेत किंवा कानाने धरत. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही नावे आज जाणकारांना माहीत आहेत. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत ती साहाय्यकांत असत किंवा नसतच. माजोर्ड्याच्या गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये रागांवर आधारलेल्या आपल्या रचनांसाठी स्वतंत्र सिंफनी वाद्यवृंद उभा केला, तो फार टिकला नाही. त्यांचे नाव घरोघरी गेले ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या एका विनोदी गाण्यातून त्यांना केलेल्या वंदनामुळे.

कायद्याचा विनोद याहून मोठा. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची व्याख्याच अशी होती, की चाल किंवा स्वरमेळ छापलेला, लिहिलेला अथवा चिन्हांनी उतरवलेला असला तरच ती कृती. ज्या देशातले बहुतेक संगीत लिहिलेच जात नाही, त्या देशाचा हा कायदा! १९७७ च्या एका निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या विसंगतीवर बोट ठेवले: कायदा कागदावरच्या स्वराला ओळखतो, गाणाऱ्या गळ्याला नाही. लेखनाची अट निघायला १९९४ ची दुरुस्ती यावी लागली. आणि गंमत पाहा, लेखनाची अट होती त्या काळातही ज्यांनी प्रत्यक्ष लिहिले त्या अरेंजरांच्या पदरात काही पडले नाही. कायदे करणाऱ्यांचेही गृहीत तेच होते, संगीत कागदावर राहते. पान म्हणजे केलेल्या कामाचा पुरावा, आणि त्यावर हस्ताक्षर ज्याचे श्रम त्याचे, असा विचार झाला असता तर श्रेयाचा प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे आला असता.

८. उरलेले पार्ट

आज पुण्या-मुंबईत जुन्या गाण्यांचे वाद्यवृंदासह कार्यक्रम होतात, आणि मेहनती अरेंजर ध्वनिमुद्रण पुन्हापुन्हा ऐकून एकेक ओळ उतरवून घेतात. या मंडळींचा कान थोर आहे. तरीही त्या मोनो मुद्रणांत आतल्या ओळी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. व्हायोला नेमका कुठला सूर धरून होता, दुसऱ्या व्हायोलिनचा विभाग कुठे दोन तुकड्यांत फुटत होता, हे सांगायला कान पुरत नाही; तिथे अंदाज करावा लागतो. मूळ पानांवर ते लिहिलेले होते. ध्वनिमुद्रण संपले की त्या पानांचे काम संपले असे मानले गेले आणि त्यांतली बरीच जपली गेली नाहीत. संगीत कागदात नसतेच असे म्हणणाऱ्या समाजाने कागद रद्दीत घातला तर नवल नाही.

मुंबईत आता वाद्यवृंदाचे संगीत जपणाऱ्या संस्था आहेत; २००६ पासून एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. गोव्यात चर्चच्या माळ्यांवर आणि वादकांच्या घरी जुन्या वह्या निघतात. हा शोध घेणारे प्रथम स्कोअर शोधतात, कारण तो भारदस्त दिसतो आणि काचेच्या पेटीत शोभतो. चित्रपटांच्या घाईत पुरता स्कोअर अनेकदा लिहिलाही जात नसावा. तेव्हा आधी मागावे ते सुटे पार्ट: दुसऱ्या व्हायोलिनचे, व्हायोलाचे, तिसऱ्या ट्रम्पेटचे. त्यांच्यावरचे पेन्सिलचे फरकाटे कोणी साफ करू नयेत, आणि समासात वादकाने लिहिलेले दुपारच्या शिफ्टचे हिशेबही तसेच राहू द्यावेत.